दंड वरुणाचा

आंघोळीचं पाणी कसं असावं, हे भारत सरकारने 25 सप्टेंबर 2000 रोजी राजपत्रात छापलं. घरातल्या बादलीचं नव्हे, उघड्यावरच्या स्नानाचं. लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम हवा, बीओडी, म्हणजे घाण खाताना जिवाणूंनी संपवलेला प्राणवायू, 3 मिलिग्रॅमच्या आत हवा, मैल्यातून येणारे जंतू 100 मिलिलिटरमध्ये 500 पर्यंत असले तर बरे, 2500 च्या वर मुळीच नकोत. पर्वणीला लाखो माणसं नदीत उतरतात, त्यांच्यासाठी हा नियम. निधर्मी सरकारने काढलेला इतका धार्मिक कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

माझं माहेर वाईचं, सासर सांगलीचं. दोन्ही घरं कृष्णाकाठची. लग्न होऊन निघाले तेव्हा आईने समजूत घातली होती, अगं, इथलं पाणी तीन दिवसांत तुझ्या दारी पोचतं, रडतेस काय. पुढे पाण्याचे नमुने तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि माहेरचं पाणी दारी येताना वाटेत काय काय घेऊन येतं ते कळत गेलं. धाकटा भाऊ वाईलाच आहे, घाटावर उपाध्येपण करतो. आमचा वाद जुना आहे आणि फोनवर चालतो. त्याचं म्हणणं, "ताई, कृष्णामाईला कसला गं विटाळ? तिच्यात पडलं ते शुद्ध झालं. तू तुझ्या बाटल्या बघ."

बाटल्या मी सेवानिवृत्तीपर्यंत पाहिल्या. बर्फाच्या पेटीतून नमुना यायचा. बीओडीची बाटली 27 अंशांच्या कपाटात तीन दिवस ठेवायची आणि आतल्या जिवाणूंनी घाण खाताना किती प्राणवायू संपवला ते मोजायचं. पहिल्या दिवशी बाटलीकडे नुसतं बघून काही कळत नाही. ओंजळीत घेतलेलं पाणीही तसंच स्वच्छ दिसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत कृष्णेचं नाव होतं. 2022 च्या यादीत देशभरात 311 पट्टे, त्यांपैकी 55 महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. पट्टा यादीत घालायची कसोटी तीच, बीओडी 3 च्या वर.

हे आकडे भावाला सांगून काही उपयोग होत नाही. त्याला ग्रंथ पटतात. मग मी ग्रंथांकडे वळले. वाईत वाढलेल्या मुलीला त्यात नवल नाही. आमच्या गावात प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, धर्मकोशाचे जाडजूड खंड, पुढे मराठी विश्वकोश. संस्कृत येवो न येवो, धर्मशास्त्रावर मत प्रत्येकाला असतं. पांडुरंग वामन काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड तर जणू माझ्यासाठीच बांधलेला, कारण पातकं, प्रायश्चित्तं, शुद्धी आणि तीर्थयात्रा सगळं एकाच पुठ्ठ्यात.

भावाच्या बाजूचं वचन लगेच सापडलं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कशाने काय शुद्ध होतं याची यादी आहे, आणि नदी तिच्या वेगाने शुद्ध होते असं तिथे म्हटलंय. प्रयोगशाळेतही हेच शिकवतात. वाहतं पाणी दगडांवर आपटतं, हवेतला प्राणवायू आत घेतं, जिवाणूंना घाण पचवायला बळ मिळतं. म्हणजे भाऊ चुकीचं सांगत नाही. फक्त वचनातली अट तो विसरतो. वेग हवा. कोयना धरणात 105 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 67.5 टीएमसीपर्यंत वीज करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत जातं. वर धोम धरणात कृष्णेचं पाणी अडलेलं. खाली टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजना पाणी उपसून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडे नेतात, आणि ते न्यावंच, त्या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली आहे. मधे ठिकठिकाणी बंधारे. उन्हाळ्यात सांगलीची नदी म्हणजे एकापुढे एक मांडलेली डबकी, आणि कोयनेतून पाणी कधी सुटणार याची पेपरात बातमी. 2023 च्या हिवाळ्यात पात्र कोरडं पडलं तेव्हा सातारा आणि सांगलीचे पुढारी कोयनेच्या पाण्यावरून एकमेकांवर धावून गेले. गंगेत किमान किती प्रवाह राहिला पाहिजे याची अधिसूचना केंद्राने 2018 मध्ये काढली. कृष्णेला तशी अधिसूचना नाही. वेगाने शुद्ध होणाऱ्या नदीचा वेग काढून घेतला, तर शास्त्राची हमी उरते का, हे मी भावाला विचारलं. तो म्हणाला, पावसाळ्यात वेग असतो ना. असतो. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आणि त्या वेगाने गावाचा सगळा मैला उचलून आमच्या जिन्यात आणून ठेवला होता. ओसरल्यावर कितीतरी दिवस आम्ही ब्लीचिंगची टीसीएल पावडर आणि क्लोरीन तपासायच्या ओटीच्या बाटल्यांशिवाय दुसरं काही पाहिलं नाही.

ग्रंथांत पाण्यावरचे मनाईचे नियमही आहेत. पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष टाकू नये हे मनू सांगतो. कौटिल्य जास्त व्यवहारी. तीर्थाच्या जागी, पाणवठ्यावर, देवळापाशी किंवा राजवाड्यात मलविसर्जन केलं तर एका पणापासून चढता दंड, मूत्र असेल तर निम्मा, आणि औषधामुळे, आजारामुळे किंवा भीतीमुळे घडलं असेल तर माफ. पोट बिघडलेल्या माणसाला सोडून देणारा हा कायदा मला फार आवडतो. तो करणारा नदीकाठी राहिलेला असणार.

पण मनूचं नाव घेऊन पुढे जाता येत नाही. प्रयोगशाळेतले आमचे एक वरिष्ठ मूळचे कोरेगावकडचे. जेवणाच्या सुट्टीत मी शास्त्रात पाण्याबद्दल किती चांगलं लिहिलंय ते सांगत होते. त्यांनी डबा मिटला आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या गावच्या रस्त्यावर शास्त्राने काय केलं ते वाचा." बाबासाहेब आंबेडकरांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. साताऱ्यात शिकत असताना भाऊ आणि भाच्यांबरोबर ते वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले, बैलगाडी ठरवली, आणि जात कळल्यामुळे रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही. जवळ खाणं होतं, पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. पुढे 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी दलितांनी ओंजळीने प्यायल्यावर सवर्णांनी ते तळं शेण, गोमूत्र आणि दह्यादुधाच्या 108 घागरी ओतून "शुद्ध" केलं. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर चांगल्या पाण्यात मुद्दाम बीओडी ओतला. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली.

हे वाचल्यावर भावाच्या "कसला विटाळ" या वाक्याचा अर्थ मला उलटा दिसायला लागला. आपल्या लोकांना पाण्याचा विटाळ चांगलाच ठाऊक होता. तो माणसाच्या हाताने होई, बाईच्या अंगाने होई. महिन्याचे चार दिवस मला घाटावर जायची बंदी होती. घाटाला मिळणाऱ्या गटाराला बारमाही मुभा होती आणि आहे. वाईपासून कुरुंदवाडपर्यंत काठावरच्या गावांचं सांडपाणी कृष्णेलाच मिळतं; सांगलीचा शेरीनाला त्यातला नावाजलेला. तो उचलून धुळगावला शेतीसाठी द्यायची योजना कित्येक वर्षं ऐकतो आहोत. त्या योजनेच्या वयाची मुलं आता कॉलेजातून बाहेर पडली. माणसाला दूर ठेवायला एका रात्रीत 108 घागरी जमल्या होत्या, तेवढी तत्परता आपल्याला मैल्याबाबत दाखवता आली नाही.

म्हणून त्या ग्रंथातलं काय घ्यायचं, हे मी हात आखडून ठरवते. बाकी सगळं महाडच्या आगीत गेलं तरी माझी हरकत नाही. दोन गोष्टी मात्र मी काढून ठेवल्या आहेत, कारण आजच्या कायद्याला त्या कमी पडतात.

आधी कायद्याचं सांगते. पाणी प्रदूषणावर महाराष्ट्राने 1969 मध्येच कायदा केला, केंद्राचा कायदा 1974 चा. त्यात नदीत विषारी घाण सोडणाऱ्याला किमान दीड वर्ष, जास्तीत जास्त सहा वर्षं कैद होती. कंपनीने गुन्हा केला तर त्या वेळी कारभार पाहणारा माणूस दोषी धरायचा, सरकारी खात्याने केला तर खातेप्रमुख. पाप करणारी संस्था असली तरी तुरुंगात जायला एक शरीर लागतं, आणि कायदा करणाऱ्यांनी ते शोधून ठेवलं होतं. प्रत्यक्षात त्या शरीरांपैकी कुणी आत बसलेलं मी ऐकलं नाही. 2024 मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि बहुतेक गुन्ह्यांना कैदेऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड ठेवला. ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी ठराव करून घ्यायची. कैद बघायला मिळत नव्हतीच, आता कागदावरूनही जाते आहे.

प्रायश्चित्ताची व्यवस्था याच्या नेमकी उलट. ज्याने केलं त्यानेच, आपल्या शरीराने करायचं. चारचौघांत, परिषदेपुढे, पाप बोलून दाखवायचं. पश्चात्ताप हवा, आणि पुन्हा करणार नाही हे वचन हवं. आता महापालिकेला दंड झाला असं धरा. पाप कोण बोलून दाखवणार? आयुक्त बदलून गेलेले असतात, ठेकेदार दुसरा असतो. दंड भरला जातो माझ्या घरपट्टीतून आणि पाणीपट्टीतून, म्हणजे ज्या बाईच्या नळाला ते पाणी येतं तिच्याच पर्समधून. 2022 च्या सप्टेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि कचरा हाताळण्यात कसूर केल्याबद्दल महाराष्ट्र सरकारवर सुमारे 12 हजार कोटी रुपयांची भरपाई बसवली. बातमी वाचून माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, हे पैसे सरकार कुणाकडून आणणार? ते जन्मभर कोर्टात कारकून होते, त्यांना असे प्रश्न बरोबर पडतात.

इथे माझ्या त्या दोन गोष्टी येतात. पहिली मनूच्या आठव्या अध्यायात आहे. गुन्हेगाराला राजाने दंड केला की तो पापातून सुटतो. राजाने दंड केला नाही, तर गुन्हेगाराचं पाप राजाच्या अंगावर येतं. शिवाय रक्षण न करणाऱ्या राजाला प्रजेच्या पापाचा सहावा हिस्सा मिळतो, असा हिशेबही दिला आहे. न केलेली कारवाई हेसुद्धा कृत्य आहे आणि त्याला कर्ता आहे, असं हे वचन म्हणतं. आजच्या फायलीत न केलेल्या कारवाईला कर्ता नसतो. नदीपासून किती अंतरावर कोणता कारखाना चालेल हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण महाराष्ट्राने फेब्रुवारी 2015 मध्ये रद्द केलं, ते पाप कुणाच्या खात्यावर लिहायचं?

भाऊ हे ऐकून खूश झाला. "बघ, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या." मी म्हटलं, थांब. राजा आता कोण? मत कोण देतं? साखर कारखान्याचे सभासद कोण आहेत? आपल्या दोन जिल्ह्यांत घरटी उसाचा शेअर आहे. गळीत हंगामात मळीचं पाणी नदीत सुटलं की काठावरची गावं ओरडतात, आणि त्याच गावांचा ऊस त्याच गव्हाणीत पडतो. वार्षिक सभेत दरावरून खुर्च्या उडतात, सांडपाण्यावर प्रश्न विचारताना मी कुणाला पाहिलं नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ हजारो मासे मरून काठाला लागले, तेव्हा बघायला गर्दी झाली होती. मळी काय, मैला काय, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि मासा गुदमरतो, इतकं ते सरळ आहे. गर्दीतल्या प्रत्येकाच्या घरून एक पाइप त्याच नदीला जात होता. सहावा हिस्सा आपला आहे, असं मी भावाला म्हटलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, मी तर उपाध्या आहे, माझा ऊस नाही. संडास आहे ना, मी विचारलं.

दुसरी गोष्ट नवव्या अध्यायातली, आणि ती सापडली तेव्हा मी वाचता वाचता उठून उभी राहिले. महापातक्याकडून घेतलेला दंड राजाने स्वतःकडे ठेवू नये. लोभाने ठेवला तर तेच पाप त्याला चिकटतं. तो पैसा त्याने पाण्यात सोडून वरुणाला द्यावा, नाहीतर विद्वान ब्राह्मणाला द्यावा. ब्राह्मणाचा पर्याय ग्रंथ लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीने घातलेला दिसतो, तो सोडून देऊ. पण दंडाचा स्वामी वरुण, म्हणजे पाण्याचा देव, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. राजा फक्त वसूल करणारा.

आता लवादाचा 12 हजार कोटींचा आदेश पुन्हा वाचा. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि घाण निस्तरण्याच्या कामांवरच खर्च करावी, असं त्यात म्हटलं आहे. न्यायाधीशांनी मनू वाचला असेल असं मला वाटत नाही, आणि वाचायची गरजही नाही. दोन ठिकाणी, दोन काळांत, माणसं एकाच जागी आली: पाण्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा पैसा पाण्याकडेच परत गेला पाहिजे, तिजोरीला त्यातून मिळकत होता कामा नये. मिळकत होऊ लागली की राजाला पापी हवेहवेसे वाटू लागतात. 15 लाखांचा दंड हा कारखान्याच्या दृष्टीने परवान्याची फी ठरतो आणि खात्याच्या दृष्टीने जमा. नदीच्या दृष्टीने काहीच घडत नाही.

माझ्या धर्माबद्दल कुणी विचारलं तर सांगते. मी देव मानते, कृष्णाबाईच्या उत्सवाला माहेरी जाते. वाईत आळीआळीचा उत्सव वेगळा, प्रत्येक घाटाची कृष्णाबाई वेगळी. अफजलखानाच्या संकटात नदीला केलेल्या नवसातून तो सुरू झाला असं सांगतात. मांडवात तीर्थ म्हणून पळीभर नदीचं पाणी देतात, मी ते डोळ्यांना लावते, पीत नाही. पंगतीत पाण्याचे वीस लिटरचे जार येतात. वाढणाराही जारमधलंच पितो. ज्या पाण्याला हात जोडायचे ते प्यायचं नाही, आणि प्यायचं पाणी बाजारातून आणायचं, अशी आपली भक्ती आता झाली आहे. जारवाल्याला दोष नाही. आपण मागितलं, त्याने आणलं. पण देवी म्हणून जिची ओटी भरतो तिच्या अंगावर सांडपाणी सोडणं हा देवद्रोह आहे, आणि तो करणाऱ्याला नास्तिक म्हणावं असं मला वाटतं, मग त्याने कितीही आरत्या केल्या तरी. भावाला हे मत अजून पटलेलं नाही. मात्र गेल्या उत्सवात निर्माल्य नदीत न सोडता खड्ड्यात घालायचं त्यांच्या आळीने ठरवलं. निर्माल्याने नदी फारशी बिघडत नाही, मैल्यापुढे ते काहीच नाही, पण मी गप्प बसले.

2028 मध्ये गुरू कन्या राशीत येईल आणि कन्यागत पर्वकाळ लागेल. बारा वर्षांनी गंगा कृष्णेला भेटायला येते अशी श्रद्धा आहे. वाईला आणि नरसोबाच्या वाडीला गर्दी होईल. मागचा पर्वकाळ 2016 चा. घाटांची डागडुजी, रस्ते, दिवे यांसाठी पैसे येतील आणि येऊ द्यावेत. पण त्याआधी काठावरच्या प्रत्येक गावात, प्रत्येक वॉर्डात, दोन कागद मागा. एक, आपल्या घाटावरच्या पाण्याचा गेल्या बारा महिन्यांचा तपासणी अहवाल, राजपत्रातल्या स्नानाच्या मानकाशी लावून. दुसरा, नदी बिघडवल्याबद्दल आपल्या नगरपालिकेला, महापालिकेला आणि हद्दीतल्या कारखान्यांना किती दंड झाला, किती वसूल झाला आणि त्यातला किती नदीवर खर्च झाला याचा हिशेब. पहिला कागद बहुधा मिळेल. दुसऱ्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागेल. भाऊ वाईतून अर्ज करणार आहे, मी सांगलीतून. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं.